पंधराशे शब्दांत आजोबा

प्रश्न असा आहे. ऐरोलीत राहणारी आणि ठाण्याच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला असलेली एक विद्यार्थिनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कथा लिहिते आहे. मर्यादा १५०० शब्दांची. घर गावठाणातलं, आगरी. कथा आजोबांची: लहानपणीची भातशेती आणि मिठागर, सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने) घेतलेली जमीन, १९८४ चं आंदोलन, साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, त्यावरून काकांमध्ये पडलेली फूट आणि शेवटी बिल्डर. पाच पानं झाली, तरी आजोबा अजून दहा वर्षांचेच आहेत. ती विचारते: कथेचा आराखडा करतात तरी कसा? शेवट आधी ठरवायचा का? पात्रांच्या माहितीचे तक्ते भरायचे का? आणि काकांनी स्वतःला ओळखलं तर?

विषय सोडू नकोस, हे आधी सांगते. नवी मुंबईच्या टॉवरांवर, मॉलवर, रुंद रस्त्यांवर पुष्कळ लिहिलं जातं. ज्यांच्या खाचरांवर हे सगळं उभं राहिलं, त्यांच्या घरातल्या मुलीने आतून लिहिलेलं फार कमी वाचायला मिळतं. तू ते लिहायला बसलीस याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे.

तू जे मांडलं आहेस तो एका घराण्याचा इतिहास आहे. सिडको स्थापन झाली मार्च १९७० मध्ये. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण ते कादंबरीलाही पुरून उरेल. कथेत ते कोंबायला गेलं की काय होतं ते तुझ्याच पानांत दिसतं. प्रत्येक परिच्छेद आधीच्यापेक्षा दोन-चार वर्षं पुढे सरकतो, आणि एकाही परिच्छेदात कोणाला काही ठरवावं लागत नाही. आजोबांवर गोष्टी येऊन आदळतात, ते सोसतात, आपण पुढच्या सालात जातो.

१५०० शब्द म्हणजे किती, याचा अंदाज आधी पक्का कर. ऐरोलीला ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसलीस, मधे दिघा गाव गेलं, ठाणे आलं. तेवढ्यात सावकाश वाचूनही संपत येईल इतका तो मजकूर आहे. तेवढ्या वेळात वाचक एका माणसाची एक अडचण नीट धरू शकतो, फार तर दोन माणसांची. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ सालीच मांडलं होतं की अशी कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मनावर एकच, अखंड परिणाम व्हावा. त्यानंतर कथेने किती तरी वळणं घेतली, तरी विद्यार्थी लेखकाने नियोजनाला बसताना हा विचार उशाशी ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा आराखड्याची पहिली पायरी: प्रसंगांची यादी फाडून टाक आणि दिवसांची यादी कर. 'जमीन गेली' हा दिवस होत नाही. 'नोटीस आली, घरात कोणाला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या शाळकरी मुलाला बोलावलं आणि त्याच्या तोंडून घरादाराने ती ऐकली' हा दिवस झाला. त्याला सकाळ आहे, दुपार आहे, दारात उभी असलेली माणसं आहेत. असे आठ-दहा दिवस एकेका ओळीत लिही. काही आजोबांनी सांगितलेले असतील, काही तू स्वतः पाहिलेले, काही कल्पनेतले. मग प्रत्येक दिवसाला एकच प्रश्न विचार: या दिवशी कोणाला दोन गोष्टी हव्या होत्या आणि दोन्ही मिळणं शक्य नव्हतं? ज्या दिवसाकडे उत्तर नाही त्याच्यावर काट मार, तो कितीही नाट्यमय असो. आंदोलनाचा दिवससुद्धा. जमावात आजोबांना काय ठरवायचं होतं हे तुला सांगता येत नसेल, तर या कथेसाठी तो दिवस तुझा नाही.

पानांसोबत तू पाठवलेल्या टिपणात अगदी खाली, जवळजवळ ओझरता, एक दिवस आलाय. बिल्डरबरोबरच्या कराराची नोंदणी करायला तू आजोबांना घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेली होतीस, आणि मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नव्हता. दोन ओळींत तू ते उरकलंस. माझ्या मते तुझी कथा तिथेच आहे.

बघ, त्या खोलीत काय काय आहे. टोकन घेऊन बसलेली माणसं. कुठल्याशा सोसायटीची फाइल मांडीवर घेतलेला एजंट. टेबलावर कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. अधिकारी दस्त पुढे करून विचारतात, हा करार तुम्हाला मान्य आहे ना, सही तुमचीच ना? समोर बसलेल्या माणसाने ही कबुली स्वतःच द्यायची असते, ती द्यायला नातीचा उपयोग नाही. मग अंगठा ठेवायचा. मिठागरात आणि खाचरात आयुष्य गेलेल्या माणसाच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या असतात, यंत्राला त्या सापडत नाहीत. पुसून ठेवा, ओला करून ठेवा, जरा दाबून ठेवा. मागची माणसं चुळबुळतात. आणि शेवटी कोणीतरी तुला म्हणतं, "तुम्ही जरा धरून दाबा ना त्यांचा अंगठा."

हा क्षण हातातून घालवू नकोस. ज्या माणसाच्या हाताच्या रेघा त्या जमिनीनेच खाल्ल्या, त्याला ती जमीन सोडताना रेघांचा पुरावा मागितला जातो आहे. पण हे वाक्य मी तुला समजावं म्हणून लिहिलं, कथेत ते कुठेही लिहू नकोस. वाचकाला अंगठा दाखव, अर्थ त्याचा तो लावेल.

आता ही कथा कोणाची, हे नीट ठरव. तुला वाटतं आजोबांची. मला वाटतं नातीची. त्या खोलीत निर्णय घ्यायचा आहे तो तिला: अंगठा दाबायचा, की हात सोडून द्यायचा. करार झाला तर तिला स्वतःची खोली मिळणार आहे, पुढचं शिक्षण सोपं होणार आहे, घरातली रोजची भांडणं थांबणार आहेत. हे तिला हवं आहे, अगदी मनापासून हवं आहे, आणि त्यात तिचं काही वाईट नाही. दुसरीकडे तिला दिसतं आहे की आजोबांच्या मनात नाही. ते नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत. तिला हावरट करू नकोस आणि आजोबांना संत करू नकोस. दोघांचंही बरोबर असेल तर वाचक अडकतो, आणि वाचकाला अडकवणं हेच आपलं काम. आजोबांनाही एक साधी, आजची गरज दे. त्यांना दुपारच्या आत घरी पोहोचायचं असेल, किंवा एजंटने आणलेला चहा प्यायचा नसेल.

यानंतर एका कागदावर तीन नावं लिही: नात, आजोबा, एजंट. प्रत्येकापुढे लिही, या सकाळी त्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. नियोजनासाठी मी वर्गात जे जे वापरते त्यात याचा सगळ्यात जास्त उपयोग झालेला पाहिला आहे. समज, वडिलांनी बिल्डरकडून आगाऊ रक्कम आधीच घेतली आहे. नातीला ते माहीत आहे, आजोबांना नाही. झालं, आता रिक्षातल्या साध्या गप्पांनाही ताण आला. आजोबा विचारतात, "आज सही नाय केली तर?" आणि ती रिक्षाबाहेर बघते. एक विनंती: ही माहिती शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवू नकोस. दुसऱ्या प्रसंगातच वाचकाला सांगून टाक. शेवटी धक्का देण्याचा मोह विद्यार्थ्यांच्या कथांना फार नडतो. स्पर्धेचे गठ्ठे तपासताना ते स्वप्न होतं, तो माणूस आधीच मेलेला होता, पत्र स्वतःलाच लिहिलेलं होतं, असे शेवट पुन्हा पुन्हा समोर येतात. धक्का एकदाच बसतो. वाचकाला आधीच माहीत असलेली गोष्ट पात्रासमोर येते तो ताण मात्र कथाभर पुरतो.

शेवट आधी ठरवायचा का? हो, पण कृती म्हणून. 'जमिनीशी असलेलं नातं तुटत नाही' हा शेवट नव्हे, तो निबंधाचा निष्कर्ष झाला. नात अंगठा दाबते, किंवा दाबत नाही, हा शेवट. दोन्ही शक्यता दोन-दोन ओळींत लिहून बघ. मग तिला जी जास्त जड जाईल ती घे. तिने हात सोडला आणि ती दोघं घरी परतली, तर ती चांगली मुलगी ठरते, वाचक समाधानाने पान मिटतो आणि विसरतो. तिने अंगठा दाबला, यंत्राने तो घेतला, अधिकाऱ्याने "झालं" म्हटलं, तर तिला आजोबांबरोबर जिना उतरायचा आहे. मी असते तर हा दुसरा रस्ता धरला असता. पण तो तुझा निर्णय. आणि लिहिताना पात्रं वेगळीकडे वळली तर वळू दे. ठरवलेला शेवट रस्ता दिसावा म्हणून असतो, त्याच्यासाठी माणसांना ओढत नेऊ नये.

प्रसंगांची वाटणी आता सोपी आहे. तुझ्या कथेत चार प्रसंग मावतात. रिक्षातला प्रवास, साधारण २५० शब्द. कार्यालयात ताटकळणं, ५०० शब्द, कारण सगळा इतिहास इथेच येणार. कबुली आणि अंगठा, ४५०. नंतरचा जिना किंवा रस्ता, १५०. बेरीज १३५० होते, उरलेले १५० मुद्दाम मोकळे ठेव, कारण कुठला तरी प्रसंग फुगतोच. सुरुवात घरातून, आंघोळ-चहापासून करू नकोस. रिक्षात बसल्यावर कर. आणखी धीट व्हायचं असेल तर थेट टोकन हातात असताना कर आणि रिक्षा गाळ. मग ते शब्द अंगठ्याच्या प्रसंगाला दे.

इतिहास कसा येणार हा तुझा खरा प्रश्न आहे, तो मी टाळत नाही. पाच पानांत लिहिलेलं वाया गेलेलं नाही. तुला ते माहीत आहे म्हणून प्रत्येक ओळ वजनदार होईल. पण कथेत ते त्या खोलीतल्या एखाद्या गोष्टीला धरून आलं पाहिजे. एक उदाहरण देते. बाकावर शेजारी दुसरे एक आजोबा बसले आहेत, लेकीच्या घराच्या कामासाठी आलेले. आजोबा विचारतात, "गाव कंचा?" तो म्हातारा सांगतो, "जासई." आजोबा सरकून त्यांना जागा करून देतात. पुढे कितीतरी वेळ दोघं काही बोलत नाहीत. ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या वाचकाला एवढं पुरेल. परीक्षक कोल्हापूरचे किंवा नागपूरचे असले तर? मग नातीच्या मनात एक वाक्य येऊ दे, चौऱ्याऐंशी सालचं, गोळीबाराचं, घरात दर जानेवारीत ऐकलेलं. एकच वाक्य. तुझी दोन पानं त्या जागा करून देण्यात आली.

ही माहिती कुठून गोळा करायची तेही सांगते, कारण आजोबा आहेत तोवर ती मिळेल. "तेव्हा काय झालं?" असं विचारलंस तर ते आधी शंभरदा सांगितलेलंच सांगतील. बारीक विचार. मीठ वाहून नेताना डोक्यावर काय घेत? पावसाच्या आधी हंगाम संपताना शेवटचा हिशेब कोण करी? खारजमिनीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, कोण सांभाळत असे, आणि उधाणाला बांध फुटला तर रात्री हाक कशी देत? वाचक न पाहिलेलं जग अशा तपशिलांवरून खरं मानतो. दहा गोळा कर, त्यातला एक वापर. शिवाय एक दिवस त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात तासभर नुसती बस. फोन पिशवीत ठेव. लोक कागद कसे धरतात, फोटोच्या वेळी चष्मा काढायला सांगितल्यावर म्हातारी माणसं तो कुठे ठेवतात, हे बघ. त्या काळातली छापील माहिती हवी असेल तर ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. १८९३ पासूनची ही संस्था आहे, आणि तुझ्या वयाच्या मुलांनी तिथे जास्त जावं असं मला फार वाटतं.

बोलीबद्दल. आजोबांचे संवाद आगरीत लिही, घरात बोलतात तसेच. शहरी वाचकाला कळणार नाही म्हणून निम्मं आगरी आणि निम्मं पुस्तकी असं करू नकोस, ते ऐकायला खोटं लागतं. (वर मी आजोबांच्या तोंडी जे दोन-चार शब्द घातले ते तूच दुरुस्त कर, ती बोली तुझी आहे.) वाक्यं छोटी ठेवलीस की अर्थ आपोआप कळतो. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, दोन्ही चालेल. नात आजोबांशी कोणत्या भाषेत बोलते आणि अधिकाऱ्याशी कोणत्या, हा फरक मात्र दिसू दे. कॉलेजात शिकलेली मुलगी "हो म्हणा" हे त्यांना कोणत्या बोलीत सांगेल, त्यावर तो प्रसंग पुष्कळ बदलेल. 'मी'ने लिहावं की 'ती'ने, हेही त्यावरूनच ठरेल. मी 'मी'कडे झुकते, कारण तिला काय हवं आहे हे तिला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागेल.

पात्रांचे तक्ते भरू नकोस. आवडता रंग, रास, उंची यांतून काही निघत नाही. उत्कर्षबिंदूचा आलेख काढायची पद्धत कुठे शिकवली असेल तर तीही बाजूला ठेव. शीर्षक सगळ्यात शेवटी.

वेळेचं म्हणशील तर स्पर्धेच्या तारखेआधी तीन आठवडे हातात ठेव. पहिला खर्डा दोन बैठकांत, न थांबता, न खोडता. मग आठवडाभर त्याच्याकडे बघायचं नाही. त्यानंतर तो मोठ्याने वाच, ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखवलास तरी चालेल. तिची मतं विचारू नकोस. फक्त ती कुठे इकडेतिकडे बघायला लागते तिथे समासात खूण कर. काटछाट तिथून सुरू करायची. बहुतेक वेळा पहिला परिच्छेद जातो आणि शेवटची तीन-चार वाक्यं जातात, कारण सुरुवातीला आपण लिहिण्यासाठी गरम होत असतो आणि शेवटी आपल्याला समजावून सांगायचं असतं.

आणि काका. ही भीती रास्त आहे, ती झटकून टाकू नकोस. घरातली भांडणं लिहायची तुला मुभा आहे, पण या कथेला तीन काकांची गरजच नाही. एकही काका त्या खोलीत नसला तरी चालतं, फोनवर एक आवाज पुरे: "झालं का? किती वेळ?" तो आवाज वडिलांचा असू दे किंवा आत्याचा कर. व्यवसाय बदल, भावंडांची संख्या बदल, रकमेचा आकडा लिहूच नकोस. आगाऊ रकमेची गोष्ट मी कल्पनेने सुचवली आहे. तुमच्या घरात खरोखरच तसं काही झालेलं असेल तर तीऐवजी दुसरं गुपित शोध. गावाचं नाव मात्र ऐरोलीच राहू दे. आणि आजोबांच्या अंगठ्याबद्दल लिहिते आहेस हे स्पर्धेला पाठवण्याआधी त्यांना सांग. ते नको म्हणाले तर ती खोली, ते यंत्र आणि तो प्रश्न तसाच ठेवून अंगठा दुसऱ्या कोणाचा तरी कर. बाकावरच्या त्या जासईच्या म्हाताऱ्याचाही चालेल.